बॅटरी उतरलेल्या महागड्या गाडीत शिरताना: तुमचे अनुभव सांगा

साध्या गाडीची बॅटरी उतरली तर आपण चावी घालून दार उघडतो, दोनचार जणांना हाका मारतो, धक्का देतो, दुसऱ्या गिअरला क्लच सोडतो आणि निघतो. महागड्या गाडीत यातलं पहिलंच अडतं. रिमोट दाबा, हँडलला हात लावा, गाडी ढिम्म. बॅटरी डिकीत, डिकी बटणावर आणि बटण बॅटरीवर.

ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांनी लिहा. मालकच हवेत असं नाही. ड्रायव्हर आणि गॅरेजवाले यांना मालकापेक्षा जास्त माहीत असतं, असा माझा अंदाज आहे. दार कसं उघडलं ते मात्र नीट सांगा. शोरूमला शिव्या घालायला वेगळा धागा काढू.

प्रभादेवी, मुंबई (साहेबांकडे ड्रायव्हर)

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा साहेब बाहेरगावी अडकले आणि मी गावी. जूनमध्ये परत आलो तर गाडी पार मेलेली. आमच्याकडे स्टॅक पार्किंग आहे, आमची गाडी खालच्या पाळण्यात. ती हलल्याशिवाय वरची खाली येत नाही, आणि वरचे डॉक्टर. त्यांना रोज हॉस्पिटलला जायचं.

चावीच्या बाजूची खिट्टी सरकवली की आतून लोखंडी चावी निघते, एवढं ठाऊक होतं. पण घालायची कुठे? दाराला भोकच दिसेना. वॉचमनमामांनी मोबाइलचा उजेड धरला तेव्हा हँडलच्या शेजारच्या तुकड्याखाली बारीक फट दिसली. त्या फटीत चावीचं टोक घालून वर उचललं की झाकण निघतं आणि खाली कीहोल. रंगाला ओरखडा गेला तर साहेबांना काय सांगू, म्हणून रुमाल धरून केलं. हँडल खेचून धरून चावी फिरवावी लागली, नुसती फिरवून उघडेना.

आत शिरल्यावर बॉनेटचा खटका शोधतोय ड्रायव्हरच्या पायाशी, तर तो डावीकडच्या सीटच्या पायाशी. या गाड्या मुळात डाव्या स्टिअरिंगच्या, आपल्याकडे येताना स्टिअरिंग इकडे आलं आणि खटका तिकडेच राहिला. तो साध्या केबलवर चालतो, त्याला वीज लागत नाही. बॉनेटखाली लाल झाकणाचं टर्मिनल असतं, तिथून जंप दिला, म्हणजे दुसऱ्या बॅटरीची वीज वायरींनी दिली. डिकी उघडायची गरजच पडली नाही. डॉक्टरसाहेबांनी वरून टाळ्या वाजवल्या.

बाणेर, पुणे

वरच्या दादांनी छान लिहिलंय. माझी गाडी कूपे आहे, दाराच्या काचेला वरून चौकट नाही. अशा गाडीत हँडल ओढलं की काच आधी थोडी खाली सरकते, मग दार सुटतं. बॅटरी मेली की काच खाली येत नाही आणि वरच्या रबरात रुतून बसते. कुलूप चावीने उघडलं म्हणून दार हिसकलंत तर रबर फाटेल किंवा काच तरी जाईल. आम्ही दोघं होतो. नवऱ्याने तळव्याने काच आतल्या बाजूला हलकेच दाबून धरली आणि मी दार इंच इंच ओढलं. उघडल्यावर परत आपटून लावायचं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. वीज येईपर्यंत दारात टॉवेलची घडी अडकवून ठेवली होती.

कोल्हापूर (गॅरेज)

रोजचा धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गिऱ्हाइकाचा फोन येतो, "चावीच खराब झाली." पहिला प्रश्न मी विचारतो, दाराच्या हँडलचा दिवा लागतो का, गाडी काही आवाज करते का? करत असेल तर गाडीची बॅटरी ठीक आहे, चावीतला सेल गेलाय. बहुतेक चाव्यांत सीआर २०३२ बसतो, घड्याळाच्या दुकानात मिळतो. तोवर आतल्या चावीने दार उघडा आणि रिमोट स्टार्ट बटणाला किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागेला टेकवून धरा. आतल्या चिपला सेल लागत नाही, गाडी ओळखते.

गाडीच मेली असेल तर मीटर लावतो. चांगली बॅटरी बारा पूर्णांक सहा व्होल्टच्या आसपास दाखवते. बारा दाखवली तरी ती जवळजवळ रिकामीच समजा. साडेदहाच्या खाली गेली की चार्ज करूनही भरवसा नाही.

जंप देताना लाल चिमटा आधी मेलेल्या गाडीला, मग चांगलीला. काळा आधी चांगलीला आणि शेवटी मेलेल्या गाडीच्या लोखंडाला, म्हणजे कंपनीने दिलेल्या अर्थच्या बोल्टला. थेट बॅटरीच्या मायनसला नको, कारण तिथे सेन्सर बसवलेला असतो. काढताना बरोबर उलटं.

दार चावीने उघडलं तरी अलार्मला ते कळत नाही. वीज आली रे आली की भोंगा सुरू होतो. घाबरू नका, रिमोटचं अनलॉक दाबा. कित्येक गाड्यांत भोंग्याला स्वतःची वेगळी छोटी बॅटरी असते, तो वीज नसतानाही बोंबलतो.

बॅटरी उतरते कशाने? फ्लॅटमधली माणसं चावी पार्किंगच्या भिंतीला लागून असलेल्या चपलांच्या कपाटात ठेवतात. गाडीला वाटतं मालक आला, ती रात्रभर जागी होत राहते. दुसरं कारण बाहेरच्या दुकानातून बसवून घेतलेला डॅशकॅम, म्हणजे रस्ता टिपणारा कॅमेरा. आणि नवी बॅटरी घातली की बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत तिची नोंद गाडीच्या कॉम्प्युटरला द्यावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्याच हिशोबाने होतं. ते न करता बॅटरी बदलून देणाऱ्यापासून लांब राहा.

मिरज

आमच्या चुलतभावाच्या लग्नात वरातीला भाड्याने आणलेली मोठी सेडान. दिवसभर कार्यालयाबाहेर उभी, चारी इंडिकेटर चालू, आत पोरांनी गाणी लावलेली. ड्रायव्हर पोरांना उतरवून, गाडी लॉक करून पंगतीला बसला. जेवून आला तर गाडी गप्प, आणि नवरीची बॅग डिकीत.

सगळी पोरं बाह्या सरसावून, "धक्का मारूया!" ड्रायव्हर म्हणाला, "बाबांनो, आधी दार तर उघडू द्या." दार आतल्या चावीने उघडलं, पण गिअर पार्कमध्ये आणि हँडब्रेक बटणाचा. वीज असल्याशिवाय गाडी न्यूट्रलला येत नाही, आणि ऑटोमॅटिक धक्क्याने चालूही होत नाही. बॉनेटवर फुलांची जाळी सुतळीने आवळून बांधलेली, ती कापली तेव्हा मामी हळहळल्या. जंप द्यायला कुणीतरी दारातला ट्रक आणायला निघाला होता. ड्रायव्हरने अडवलं, ट्रकला २४ व्होल्ट असतात, गाडीचा सगळा कॉम्प्युटर उडेल. शेवटी मंडपवाल्याच्या छोट्या टेम्पोने काम केलं. बॅग बाहेर आली, पण नवरी तोवर रुसून बसली होती. तो अनुभव या धाग्यात बसत नाही.

दुबई

इथल्या उन्हात बॅटऱ्या फार टिकत नाहीत. गाडी दोन तळघरं खाली. मी आधी ॲप उघडलं, कारण जाहिरातीत दार ॲपने उघडतं. पण गाडीतलं सिमकार्डही त्याच बॅटरीवर. ॲप काल दुपारची स्थिती दाखवत होतं: सर्व ठीक, दारं बंद. हँडल दारात लपणारं, ते बाहेर येईना. मॅन्युअल गाडीच्या आत. सिक्युरिटीवाल्या मल्याळी काकांनी एक टोक दाबलं, दुसरं टोक बाहेर आलं, खाली कीहोल. "मॅडम, इथे रोज एक येतं," म्हणाले. मॅन्युअलची पीडीएफ आता फोनमध्ये आहे.

एडिसन, न्यू जर्सी

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हसू नये. मोठी बॅटरी भरलेली असली तरी दारं, स्क्रीन आणि त्या मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच लहान १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. ती लहान गेली की सगळं गेलं. टेस्ला मॉडेल ३ ला तर बाहेर कीहोलच नाही. पुढच्या बंपरवरच्या गोल झाकणामागे दोन वायरी असतात, त्यांना बाहेरून १२ व्होल्ट दिले की पुढची डिकी उघडते. थंडीतली आणखी एक गोष्ट: पूर्ण उतरलेली बॅटरी गोठू शकते. फुगलेली किंवा आत बर्फ दिसणारी बॅटरी असेल तर जंप देऊ नका, फुटते.

ठाणे

कोल्हापूरच्या दादांना प्रश्न. आमच्या गाडीचं कीहोल सापडलं, चावी आतही जाते, पण फिरत नाही. गाडी जुनी आहे, दार कायम रिमोटनेच उघडलंय.

कोल्हापूर (गॅरेज)

कधी वापरलंच नाही म्हणून बसलंय. जोर लावू नका, चावी पातळ असते, आत मोडली तर दाराचं पॅड खोलावं लागेल. ग्रॅफाइटची पूड मिळते, ती फुंका. खोबरेल नको, धूळ धरतं. चावी थोडी बाहेर घेऊन दोन्हीकडे हलक्या हाताने हलवत राहा. सुटलं की महिन्यातून एकदा त्याच चावीने दार उघडा. नाही सुटलं तर फोटो टाका, गाडी कुठली तेही लिहा.