रोम सोडा, तूला शहर बघा

इंग्रजी म्हणींच्या जोडीच्या रशियन म्हणी कोणत्या, या प्रश्नावर सगळ्यांनी इंग्रजी म्हणीला रशियन म्हण शब्दाला शब्द लावून दिलीये, रोम एका दिवसात बांधलं नाही तर मॉस्कोही एकदम बांधलं गेलं नाही वगैरे, ते बरोबरच आहे पण मला त्यातल्या त्यात 'न्यूकॅसलला कोळसा नेणे' याची जोडी जास्त आवडते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलहून शतकानुशतकं जहाजं भरभरून कोळसा लंडनला जायचा, तिथे कोण कोळसा घेऊन जाईल? रशियन माणूस म्हणतो, स्वतःचा समोवार (चहासाठी पाणी उकळायचं धातूचं भांडं) घेऊन तूलाला जाऊ नये. तूला हे मॉस्कोच्या दक्षिणेचं बंदुकांचं गाव, रशियाच्या झार पीटर द ग्रेटने १७१२ मध्ये तिथे सरकारी शस्त्र कारखाना काढला, मग धातूकामात हात बसलेले कारागीर समोवारकडे वळले, लिसित्सिन भावांनी १७७८ मध्ये सुरुवात केली आणि पुढे अख्खं गावच त्यात पडलं. म्हणजे म्हणीत अख्खा उद्योग आलाय बघा!

'रोममध्ये रोमनांसारखं वागा' याला रशियन उत्तर, दुसऱ्याच्या मठात आपले नियम घेऊन जाऊ नका. आणि अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लं मोजू नका म्हणतात तिथे रशियन थेट शरदापर्यंत थांबायला सांगतो, कारण उन्हाळाभर ससाणा, रोगराई यातून वाचतील तीच खरी आपली. आपली 'बाजारात तुरी' याच घरातली.

ज्यांना खोलात जायचंय त्यांनी रशियन कोशकार व्लादिमीर दालचा १८६२ चा रशियन म्हणींचा संग्रह नक्की बघा, तीस हजारांवर म्हणी आहेत आणि विषयवार लावल्यात, त्यामुळे शोधायला खूप सोपं जातं.