'रेड डॉन': १९८४चा की २०१२चा?

रीळमास्तर
अमेरिकेत परकी फौज घुसल्यावर रानात जाऊन लढणारी पोरं, म्हणजे 'रेड डॉन' सिनेमा, म्हटला की वाद ठरलेला. जॉन मिलियसचा जुना, की डॅन ब्रॅडलीचा नवा? माझं मत जुन्याला, आणि कारण राजकारण नाही, शिधा. कोलोरॅडोतल्या शाळेजवळ छत्रीधारी सैनिक उतरतात, तेव्हा पोरं आधी त्यांच्यातल्याच रॉबर्टच्या बापाचं दुकान गाठतात. बंदुका, काडतुसं, डबाबंद खाणं, झोपायच्या पिशव्या घेतात आणि थेट डोंगर. पुढे कळतं की हिशेबात माल कमी भरला म्हणून बापाला गोळी घातली. पोरांनी नेलेल्या मालाची पावती त्याच्या नावावर फाटली.

सबटायटल_भाऊ
असहमत. शिधा ठीक, पण गस्तीवर छापा घालायला ही शाळकरी पोरं शिकली कुठे? एफ-१५ लढाऊ विमानाचा अमेरिकन वैमानिक टॅनर त्यांना भेटतो तोवर 'वुल्व्हरिन्स' या त्यांच्या टोळीचं नाव गाजलेलं असतं! नव्यात पोरांचा म्होरक्या जेड (ख्रिस हेम्सवर्थ) रजेवरचा मरीन सैनिक आहे. तो शिकवतो, ते पटतं.

रीळमास्तर
शिकवणी मान्य. पण काडतुसांचं काय? शिकारीच्या रायफलीला लागणारी काडतुसं शत्रूकडे नसतात, कलाश्निकोव्हची असतात. म्हणून मेलेल्या शिपायाची रायफल उचलणं ही हौस नव्हे. तिचं ७.६२ × ३९ चं एक काडतूस साधारण १६ ग्रॅमचं. ३०० घेतली की पाचेक किलो, तेही बर्फातून चालताना. जुन्यात शिकारीच्या बंदुका आणि धनुष्यबाण मागे पडत जातात, ते यामुळेच. आणि घात होतो तो भुकेनं: ट्रकमधून 'पडलेलं' खाणं चापत बसतात, वर हेलिकॉप्टरं.

पडद्याआड
ती एमआय-२४, म्हणजे सोव्हिएत लढाऊ हेलिकॉप्टरं, खरं तर रंगरूप बदललेली फ्रेंच प्यूमा हेलिकॉप्टरं बरं का. तरी पोटात गोळा येतोच. नव्यात तर अख्खा शत्रूच बदलला. २००९ मध्ये चिनी म्हणून चित्रण केलं, मग झेंडे आणि बिल्ले संगणकावर पुसून उत्तर कोरियाचे केले. अडीच कोटींचा देश ३१ कोटींची अमेरिका व्यापतो म्हणे!

सबटायटल_भाऊ
आणि क्युबा-निकारागुआची फौज कोलोरॅडोत, ते चालतं? कारण टॅनर सांगतो, तेही अर्धा सिनेमा उलटल्यावर. रणगाड्यांना डिझेल कुठून येतं ते विचारायचं नाही.

पाचचा_शो
पोरांच्या तुकडीतला डॅरिल दोन्हींत बघा. दोन्हीकडे माग काढणारं यंत्र त्याच्या अंगात. जुन्यात पकडलेल्या शिपायाला जेड मारतो, पण मित्रापुढे त्याचा हात अडतो; मग रॉबर्ट डॅरिलला गोळी घालतो. नव्यात त्याला मागे सोडून निघतात. हात मळू दिले नाहीत.

सबटायटल_भाऊ
उलट, हिशेबानं तेच बरोबर. यंत्र त्याच्याकडे, म्हणजे शत्रू त्याच्या मागे जाणार. तुकडीनं दुसरी दिशा धरायची, गोळीचा आवाजही नको. सोडणं दयाळू आहे असं कोण म्हणालं?