देव अनपेक्षित माणसांकडून काम करून घेतो, म्हणजे नेमके काय?

पणती (प्रश्न)

सर्वांना सप्रेम नमस्कार. आमच्या बायबल अभ्यासगटाच्या पुढच्या बैठकीत ‘देव अनपेक्षित माणसांना निवडतो’ हा विषय मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. नेहमीची नावे मी लिहून काढली: जिभेचे जडत्व पुढे करणारा मोशे, शत्रूच्या भीतीने द्राक्षकुंडात गहू झोडणारा गिदोन, यरीहोची वेश्या राहाब, आणि शमुवेल घरी आलेला असतानाही ज्याला मेंढरांमागून बोलावून आणावे असे बापाला सुचले नाही तो दावीद. यादी पुरी झाली, पण समाधान झाले नाही. या कथा आपण बहुधा अशा सांगतो की माणूस आधी सामान्य होता आणि पुढे थोर झाला, जणू देवाची निवड ही एक प्रकारची बढतीच होती.

परंतु 2 राजे, अध्याय 5 मधील ती लहान मुलगी कुठेच थोर होत नाही. शेजारच्या अराम देशाच्या टोळ्यांनी तिला इस्राएलातून धरून नेले, ती सेनापती नामानाच्या बायकोची दासी झाली, आणि शोमरोनातील संदेष्ट्याकडे गेल्यास धन्याचे कोड बरे होईल एवढे एकच वाक्य बोलून ती कथेतून नाहीशी झाली. दुसऱ्या टोकाला पारसाचा राजा कोरेश आहे, जो इस्राएलाच्या देवाला ओळखतही नव्हता. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. देवाने एखाद्याकडून काम करून घेतले, यावरून त्या माणसाविषयी काही सिद्ध होते का? आणि असा माणूस समोर उभा असताना आपण त्याला ओळखावे कसे? दुसरा प्रश्न वैयक्तिकही आहे, कारण माझ्या दुःखाच्या दिवसांत, ज्यांचे लांबलचक आक्षेप मी गटात नेहमी मध्येच तोडत असे, तेच गृहस्थ रोज येऊन काही न बोलता बसत असत.

कुंभार

त्याच अध्यायात आणखी थोडे थांबावे, असे मी सुचवीन, कारण त्यात अनपेक्षित व्यक्ती एकच नाही. मुलीचे वाक्य अरामाच्या राजापर्यंत पोहोचते, तेव्हा तो ते संदेष्ट्याकडे न पाठवता आपल्या बरोबरीच्या माणसाकडे, म्हणजे इस्राएलाच्या राजाकडे पाठवतो, आणि सोबत दहा किक्कार रुपे, सहा हजार शेकेल सोने व दहा पोशाख देतो. तो राजा पत्र वाचून कपडे फाडतो. हा भांडणाचा डाव आहे असे त्याला वाटते. पुढे तो संदेष्टा, अलीशा, बाहेर न येता निरोप्याकरवी यार्देन नदीत सात वेळा स्नान करायला सांगतो, तेव्हा नामान संतापतो, कारण आपल्या देशातल्या दिमिष्काच्या नद्या त्याला त्याहून चांगल्या वाटतात. त्याला वळवतात ते पुन्हा त्याचे चाकरच. दोन राजे, एक सेनापती आणि गाडीभर धन जिथे अडून बसते, तिथे वाट काढतात ती एक दासी आणि काही नोकर.

मूळ हिब्रूत मुलीला ‘लहान मुलगी’ म्हटले आहे, आणि नामान शुद्ध झाल्यावर त्याचे मांस ‘लहान मुलासारखे’ झाले असे सांगताना तीच शब्दजोडी पुल्लिंगात येते. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. उलट ज्याच्याकडून सर्वाधिक अपेक्षा करावी तो गेहजी, संदेष्ट्याचा स्वतःचा सेवक, चांदी आणि कपड्यांसाठी खोटे बोलतो आणि नामानाचे कोड त्याला चिकटते.

अडचणीचे वचन मात्र पहिलेच आहे. परमेश्वराने नामानाच्या हातून अरामाला जय दिला होता, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. देव ज्याच्याकडून काम करून घेत होता, त्याच्याच सैन्याशी जोडलेल्या टोळ्यांनी या मुलीला घरातून उचलून नेले. आपण बैठकीत हे वचन वगळू नये. ते वगळल्यास कथा गोड होते, पण खरी राहत नाही.

मोहरीचा दाणा

पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘काहीही सिद्ध होत नाही’ असे आहे. यशयाच्या 10व्या अध्यायात अश्शूराला देवाच्या क्रोधाचा सोटा म्हटले आहे आणि त्याच अध्यायात त्याच्या उन्मत्तपणाबद्दल त्याला शिक्षाही ठरवली आहे. तोडणाऱ्यापुढे कुऱ्हाडीने फुशारकी मारावी काय, असा तिथला सवाल आहे. हाती धरले जाणे वेगळे आणि निर्दोष ठरणे वेगळे. हा भेद न पाळल्यामुळेच अन्याय करणाऱ्या पुढाऱ्याचे समर्थन करताना ‘देव कुणालाही वापरतो’ हे वाक्य ढालीसारखे पुढे येते.

कोरेशाचे उदाहरण तर विलक्षण आहे. यशया 45 त्याला परमेश्वराचा अभिषिक्त म्हणतो, परमेश्वराने त्याचा उजवा हात धरला आहे असे सांगतो, आणि लगेच ‘तू मला ओळखत नव्हतास’ हेही दोनदा सांगतो. कोरेशाने इ.स.पू. 539मध्ये बाबेल घेतले. बाबेलच्या अवशेषांत 1879 साली सापडलेला, आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेला त्याचा मातीचा लेख वाचला, तर तिथे त्याला हाताला धरून निवडणारा देव म्हणजे बाबेलचा मार्दूक आहे. म्हणजे या माणसाने आपल्या विजयाचे श्रेय अखेरपर्यंत चुकीच्या ठिकाणी दिले असावे, आणि तरीही बंदिवान यहूदी यरुशलेमेस परतले व मंदिराचा पाया घातला गेला. श्रेय कुणाच्या नावे लिहिले जाते यावर देवाचे काम अडून राहत नाही, हे आम्हा धार्मिक लोकांना पचायला थोडे जडच जाते.

दिवठी

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या 9व्या अध्यायात आपण सगळे शौलाकडे, म्हणजे विश्वासणाऱ्यांचा छळ करणाऱ्या आणि पुढे पौल म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाकडे पाहतो, पण मला दिमिष्कातला शिष्य हनन्या अधिक जवळचा वाटतो. त्याला शौलाकडे जायला सांगितले जाते, तेव्हा तो सरळ आक्षेप घेतो: या माणसाने तुझ्या पवित्र जनांचे किती वाईट केले, हे मी पुष्कळांकडून ऐकले आहे. त्याची माहिती खरी होती आणि त्याची भीतीही रास्त होती. त्याने शौलाला आधी ‘ओळखले’ असे काही घडलेच नाही. तो गेला, त्याच्यावर हात ठेवले आणि त्याला भाऊ म्हणून हाक मारली. त्यामुळे ‘ओळखावे कसे’ यापेक्षा, ओळख पटण्याआधी आपण त्याच्याशी कसे वागतो, हा प्रश्न मला अधिक उपयोगाचा वाटतो.

एक इशारा मात्र देतो. ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत लिहिणाऱ्या जॉन न्यूटनची गोष्ट आपण एका वादळात उरकून टाकतो: गुलामांच्या व्यापारातला खलाशी 1748 साली बुडत्या जहाजावर देवाचा धावा करतो आणि बदलतो. प्रत्यक्षात त्यानंतरही तो गुलामांची जहाजे चालवीत राहिला आणि 1754मध्ये त्याने समुद्र सोडला तो आजारपणामुळे. त्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका 1788 साली निघाली, म्हणजे मध्ये 34 वर्षे गेली. त्याची साक्ष मोलाची ठरली, कारण जहाजाच्या तळघरात काय चालते हे त्याने स्वतः पाहिले आणि केले होते. पण त्या मधल्या काळाची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना कथेबाहेर ठेवून आपण देवाची स्तुती करू लागलो, तर काहीतरी चुकते आहे.

पणती

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. यादी बाजूला ठेवून केवळ नामानाचा अध्यायच घ्यावा, आणि त्याला लूक 4ची जोड द्यावी, असे ठरवते आहे. कारण नासरेथात येशूने याच अरामी नामानाचे नाव घेतले, तेव्हा सभास्थानातले लोक त्याला कड्यावरून लोटून द्यायला निघाले होते. परक्याला मिळालेली कृपा ऐकणेसुद्धा त्यांना सोसले नाही. त्या गृहस्थांनाच अध्याय मोठ्याने वाचायची विनंती केली आहे, आणि आक्षेप घ्यायचीही.

कुंभार

उत्तम. ते बहुधा हे विचारतील, म्हणून तयारी ठेवा: नामान आपल्या देवाची उपासना करण्यासाठी दोन खेचरांवर मावेल एवढी इस्राएलाची माती मागून घेतो, पण त्या मातीतून आणलेली जी मुलगी त्याच्या घरात होती, तिला त्याने परत पाठवले की नाही, याबद्दल अध्यायात एक शब्दही नाही.