विषय: अबू धाबीची ऑफर, गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचंय

प्रेषक: माई, फोंडा
आमच्या ह्यांना गुरुवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. एकूण 5,000 दिरहम, त्यात बेसिक (मूळ पगार) 1,800, बाकी भत्ते. काम यार्डातलंच, उघड्यावर. हे म्हणतात, वास्कोत वीस वर्षं उन्हात काढली, आता ऊन काय करणार? मला त्या उन्हाचीच धास्ती आहे. अण्णा, तुम्ही तिथे आहात, सांगा.

प्रेषक: अण्णा, अबू धाबी
माई, आधी बेसिकचं बघा. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, भत्त्यांवर मिळत नाही. पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचं बेसिक. 1,800 वर वर्षाचे 1,260 दिरहम होतात, 3,000 वर 2,100. ओव्हरटाइमही बेसिकवरच धरतात. एकूण आकडा तोच ठेवून बेसिक-भत्त्यांची फोड बदलून मागा. माझ्या पहिल्या करारात मी हे पाहिलं नव्हतं. सात वर्षांनी हिशेब हातात आला त्या रात्री झोप लागली नाही.

प्रेषक: भाऊ, मडगाव
फोड कोणी बदलत नाही हो. माझ्या मेव्हण्याने मागितली, ऑफरच गेली. उन्हाचं म्हणाल तर आपल्याला मे महिन्याची सवय आहेच.

प्रेषक: वहिनी, म्हापसा
भाऊ, मे महिन्याशी तुलना नको. आपल्याकडे पारा 35 च्या आसपास, आणि जूनमध्ये पाऊस येतो. तिथे पाऊस येत नाही. ऑगस्टमध्ये पारा 45 च्या घरात, वर समुद्राची दमट हवा. घाम सुकत नाही, अंग निवत नाही. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12:30 ते 3 उघड्यावरचं काम कायद्याने बंद असतं, पण अकराचं ऊन कोण बंद करणार? आमच्या ह्यांना तिथे दुसऱ्याच उन्हाळ्यात मूतखडा निघाला. माई, तुमच्या ह्यांना बीपी आहे का?

प्रेषक: कार्यवाह
चवथीच्या वर्गणीच्या धाग्यात हे येऊ देऊ नका, म्हणून विषय मी वेगळा केलाय. माटोळीची (गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांची) यादी अजून तिघांनीच भरली आहे.

प्रेषक: माई, फोंडा
बीपीची गोळी चालू आहे. शिवाय कुळागर, आमची सुपारीची बाग, कोण बघणार? पोफळींना उन्हाळाभर शिंपणं लागतं, झाडावर चढून पाडणारा पाडेली आत्ताच मिळत नाही. तरी थोरलीच्या कॉलेजचा खर्च समोर आहे. बेसिक 3,000 आणि उन्हाळ्यात शेडमधलं काम, दोन्ही लेखी मागतो. नाही दिलं तर जायचं नाही, असं काल रात्री ठरलं. मसुदा इथे टाकू?

प्रेषक: अण्णा, अबू धाबी
टाका. नुसतं ‘उन्हाळ्यात’ नको, ‘मे ते सप्टेंबर’ असं लिहा.