फोंताईन्हासच्या जुन्या घरातला कॉकटेल बार: मेन्यू वाचायचा कसा, मागवायचं काय?

कोयनाकाठ:
ऑक्टोबरात पणजीला तीन दिवस मुक्काम आहे, मिरामारला. एक संध्याकाळ फोंताईन्हासच्या जुन्या घरांमध्ये जे छोटे कॉकटेल बार चालतात, त्यांपैकी एखाद्यात घालवायची आहे. मेन्यूंचे फोटो पाहिले आणि घाबरलो. 'मिल्क क्लॅरिफाइड', 'खोबरेल फॅट-वॉश', 'तिरफळ टिंक्चर', मधेच कुठेतरी 'धूर'. दारूचं दुकान की वैद्याचा दवाखाना?
विचारायचं ते असं. हे शब्द म्हणजे नेमकं काय? पत्नीला दुधाची अ‍ॅलर्जी आहे (लॅक्टोजचा त्रास नव्हे, खरी अ‍ॅलर्जी), तर तिने काय टाळावं? फेणी कधी चाखलेली नाही, सुरुवात कशी करावी? गाडी घरची आहे, ती तिथे न्यावी का? सोबत २२ वर्षांचा मुलगा आहे, त्याला चालतं का? येताना एखादी बाटली आणता येईल का?

निवळी:
आधी अ‍ॅलर्जीचं, कारण तिथे चूक महागात पडते. 'मिल्क पंच' किंवा 'मिल्क क्लॅरिफाइड' लिहिलेलं पेय पाण्यासारखं नितळ दिसतं. त्यात दूध असेल अशी शंकाही येत नाही. करतात असं: आंबट कॉकटेल दुधात ओतायचं, दूध फाटतं, फाटलेला चोथा गढूळपणा आणि तुरटपणा पकडून ठेवतो, आणि गाळून उरते ती निवळी. चोथ्याबरोबर केसीन बरंचसं निघून जातं, पण निवळीतली प्रथिनं आणि लॅक्टोज पेयातच राहतात. म्हणून खऱ्या अ‍ॅलर्जीवाल्यांनी हे पेय अजिबात घेऊ नये. नुसतं 'क्लॅरिफाइड' लिहिलं असेल तर कशाने ते विचारा. अगर-अगरने (समुद्री शेवाळापासून केलेली जेली) किंवा सेंट्रिफ्यूजने (वेगाने फिरवून गाळ वेगळा करणारं यंत्र) केलं असेल तर दुधाचा प्रश्न नाही. फॅट-वॉशलाही हेच विचारा, कारण खोबरेलऐवजी पुष्कळदा लोणी किंवा तूप वापरतात. आणि 'दूध नको' एवढंच सांगून थांबू नका, 'अ‍ॅलर्जी आहे, शेकर आणि गाळणी वेगळी घ्या' असं सांगा.

घरी करून पाहायचं असेल तर प्रमाण देतो. फेणी ३०० मिलि, लिंबाचा रस १५० मिलि, साखरेचा पाक (साखर आणि पाणी समान) १५० मिलि, गार कोरा चहा २०० मिलि. झालं ८०० मिलि. याला २०० मिलि पूर्ण सायीचं दूध, म्हणजे चारास एक. दूध पातेल्यात घ्या आणि कॉकटेल दुधात हळूहळू ओता. उलटं, म्हणजे दूध कॉकटेलमध्ये ओतलंत, तर चोथा बारीक कणीसारखा होतो आणि गाळणीत थर बसत नाही. अर्धा तास तरी हलवू नका, फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलं तर उत्तम. मग कॉफीच्या कागदी गाळणीतून जाऊ द्या. पहिलं गढूळ पाणी परत त्याच चोथ्यावर ओता, कारण खरी गाळणी चोथाच असतो, कागद फक्त त्याला धरून ठेवतो. घाईने पिळलंत की सगळं पुन्हा गढूळ. टेट्रापॅकमधलं दूध बेताचंच फाटतं, साय काढलेलं तर नकोच.

फॅट-वॉशचं तत्त्व सोपं: तेलातला सुगंध अल्कोहोलमध्ये उतरतो, मग तेल गोठवून काढून टाकायचं. ५०० मिलि फेणीला ६० मिलि घाण्याचं खोबरेल, चार तास अधूनमधून हलवत, मग फ्रीझरमध्ये रात्रभर. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे गोव्यात नुसतं टेबलावर ठेवून ते सहसा घट्ट होणार नाही, फ्रीझर हवाच. फेणी तिथे गोठत नाही. वरचा थर भोकसून फेणी ओतून घ्या आणि गाळा. रिफाइंड खोबरेलाला वासच नसतो, आणि खवट तेल घेतलंत तर तो खवटपणा बाटली संपेपर्यंत पुरतो.

जांभा_चिरा:
गाडी नेऊ नका. गल्ल्या अरुंद आहेत आणि घरं राहती आहेत, एखाद्याच्या दारात गाडी लावली तर तो रात्रभर अडकतो. अगदीच न्यायची तर पाटोला लावा आणि ऊरेमची खाडी ओलांडून चालत या. पण मूळ मुद्दा वेगळाच आहे. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम. फेणी ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे ६० मिलिच्या एका कॉकटेलात सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ७० किलोच्या पुरुषाचा ढोबळ हिशोब रिकाम्या पोटी चाळिशीच्या आसपास जातो. एकाच ग्लासात मर्यादा ओलांडली! पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

मिरामार ते फोंताईन्हास जेमतेम चार किलोमीटर. ओला-उबर गोव्यात नाहीत. गोवामाइल्सचं टॅक्सीचं अ‍ॅप आहे, तरी परतीची टॅक्सी हॉटेलकडून आधीच ठरवून ठेवा. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाले 'पायलट' दिवसा सोयीचे, रात्री उशिरा त्यांच्या भरवशावर राहू नका.

वास्तूबद्दल थोडं. ही वस्ती आल्तिनोची टेकडी आणि ऊरेमची खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात आहे. भिंती जांभ्या दगडाच्या, वर चुन्याचा गिलावा, जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे. पणजी १८४३ मध्ये राजधानी झाली. आज हा भाग संवर्धन क्षेत्र आहे, भिंती पाडून प्रशस्त हॉल करता येत नाही, म्हणून बार मुळातच छोटे. बहुतेकांत काउंटरवर मोजक्याच खुर्च्या असतात. तिथलीच जागा मागून घ्या, बारटेंडरशी बोलायचं तर टेबलाचा उपयोग नाही. सातला पोचलात तर बोलायला वेळ मिळतो, नऊनंतर तो फक्त ग्लास भरत असतो. जाड भिंतींमुळे आत मोबाइलची रेंज पडते, टॅक्सीवाल्याचा नंबर आणि रोख जवळ असू द्या. दहानंतर ध्वनिप्रदूषण नियमांची आडकाठी आहे, आणि मधल्या भिंतीच्या पलीकडे कुणीतरी झोपलेलं असतं. रंगीत दारांसमोर उभं राहून फोटोसेशन नको, तिथले रहिवासी त्याला कंटाळलेले आहेत.

मुलाचं: गोव्यात २१ पुरे, त्यामुळे चालेल. महाराष्ट्रात मात्र कडक दारूला २५ लागतात. ओळखपत्र बरोबर ठेवा.

हुर्राकवाला:
फेणीच्या वासाला घाबरण्याचं कारण असं की बहुतेकांची पहिली ओळख सोड्यातल्या कोमट फेणीशी होते. थोडं समजून घेतलं की मागवणं सोपं जातं. काजूची बोंडं तुडवून रस काढतात, तो दोन-तीन दिवस आपोआप आंबतो, बाहेरून यीस्ट घालत नाहीत. भट्टीतून पहिल्यांदा उतरतो तो हुर्राक, साधारण १५ टक्के, हलका आणि फळाच्या वासाचा. दुसऱ्या उतरवणीला फेणी. बोंडांचा हंगाम फेब्रुवारी ते मे, त्यामुळे ऑक्टोबरात कुणी 'ताजा हुर्राक' म्हणून दिला तर हसून नाही म्हणा, ताजेपणा तोवर टिकत नाही. माडाची फेणी वेगळी: ती सुरेची (माडाच्या आंबलेल्या रसाची), वासाला मवाळ, आणि मुख्यतः दक्षिण गोव्यातली. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते काजू फेणीला.

क्रम असा ठेवा. आधी नुसती फेणी १५ मिलि, साध्या ग्लासात, बर्फाशिवाय, फक्त वास घ्यायला आणि जीभ ओली करायला. मग फेणी, लिंबू, पाक असं साधं आंबट कॉकटेल. पुढचे प्रयोग त्याच्या तुलनेत कळतात. थेट फॅट-वॉशपासून सुरू केलंत तर त्यात खोबरं कुठलं आणि फेणी कुठली हेच समजणार नाही. तीन पेयांच्या पुढे जीभ काम करत नाही, बिलाचं तर बोलूच नका.

तिरफळ टिंक्चरमध्ये औषधी काही नाही. २०० मिलि स्पिरिटमध्ये पाच-सहा सुक्या तिरफळांची टरफलं दोन तास. आतली काळी बी काढलेली असावी, नाहीतर कडवट लागतं. रात्रभर ठेवलं तर जीभ बधिर होते आणि पुढची दोन पेयं वाया जातात. 'किती थेंब घालता?' असं विचारा. चांगल्या बारमध्ये याचं आकड्यात उत्तर मिळतं.

बाटलीचं. गाडीने येत असाल तर गोवा अबकारीचा परवाना आणि महाराष्ट्राचा परवाना, दोन्हींचा विचार करा. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे, आणि सीमेजवळच्या इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. विमानात २४ ते ७० टक्क्यांची दारू सीलबंद बाटलीत, चेक-इन सामानात, माणशी ५ लिटरपर्यंत नेता येते, पण तो विमानाचा नियम झाला. उतरल्यावर महाराष्ट्राचा कायदा लागूच असतो.

गार_ग्लास:
वरच्यांशी बहुतांशी सहमत, फक्त 'नवख्याने फॅट-वॉश नको' हे पटत नाही. फेणीचा उग्रपणा ज्यांना सोसत नाही त्यांना खोबरेलाने मऊ झालेली फेणीच आधी आवडते. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना मी तीच सुचवीन, साधी त्यानंतर.

धुराबद्दल कुणी लिहिलं नाही. काचेच्या घुमटाखालचा लाकडाचा धूर निरुपद्रवी, वासापुरता. ड्राय आइस आणि द्रव नायट्रोजन वेगळे. २०१७ मध्ये दिल्लीजवळ एका माणसाने द्रव नायट्रोजन घातलेलं पेय धूर संपण्याआधीच प्यायलं आणि पोटाला भोक पडलं. द्रवाचा वायू होताना तो शेकडो पटींनी फुगतो, पोटात त्याला जायला जागा नसते. म्हणून वाफ पूर्ण थांबेपर्यंत ग्लास तोंडाला नको. ड्राय आइसचा खडा तळाशी दिसत असेल तर परत करा. काळं पेय असेल तर अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल आहे का विचारा, गर्भनिरोधक गोळ्यांसकट बऱ्याच औषधांचं शोषण ते कमी करतं. निळं-जांभळं असेल तर बहुधा गोकर्णाच्या फुलाचा रंग, लिंबू पडलं की गुलाबी होतं, त्याची भीती नाही.

बर्फही पाहा. पारदर्शक मोठा ठोकळा म्हणजे वरून खाली एकाच दिशेने गोठवून तळाचा गढूळ भाग कापून टाकलेला. फ्रीझरमधून काढून त्यावर लगेच दारू ओतली तर तडकतो, जाणकार बारटेंडर त्याला ओलसर चकाकी येईपर्यंत थांबतो. तो थांबला तर समजा, योग्य ठिकाणी आलात.

कोयनाकाठ:
सगळ्यांचे आभार, बरंच कळलं. 'निवळी', एक प्रश्न. पत्नीला तर ते चालणार नाही, पण माझ्यासाठी घरी करताना लिंबाऐवजी कोकम आगळ घातलं तर? मेन्यूत कोकमाचं एक नितळ पेय होतं.

निवळी:
आगळात मीठ असतं, म्हणून १५० मिलि घातलंत तर पेयाऐवजी सोलकढी होईल, तीही नारळाशिवाय. बाजारातलं अमृत कोकम गोड, त्याने पाकाचा हिशोब बिघडतो. सुकी आमसुलं घ्या, शक्यतो बिनमिठाची: ६० ग्रॅम ३०० मिलि कोमट पाण्यात दोन तास, मग पिळून गाळा. त्यातलं १५० मिलि वापरा आणि सोबत २० मिलि लिंबू राहू द्या, कारण आंबटपणा कमी पडला तर दूध अर्धवट फाटतं आणि तास-दोन तास गाळूनही दुधट पाणीच हाती येतं. आणखी एक: चोथा कोकमाचा लाल रंगही बराचसा ओढून घेतो, त्यामुळे शेवटी फिकट गुलाबी उरेल. लालच हवं असेल तर एक आमसूल ग्लासात टाका.