मदत हवी आहे: भाच्यासाठी तक्रार मी केली तर पुढे त्याला काय सोसावं लागेल?

हा धागा काढावा की नाही यात तीन रात्री गेल्या. ओळख पटेल असं काही लिहिणार नाही, कृपया विचारूही नका.

भाचा अकरा वर्षांचा आहे. सुट्टीत माझ्याकडे आला होता. रात्री अंथरुणावर पडल्यावर म्हणाला, "आत्या, यंदा दिवाळीला गावी नाही गेलं तर चालेल का?" मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गेल्या दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना नात्यातल्याच एका माणसाने त्याला दोनदा नको तिथे हात लावला आणि कुणाला सांगशील तर बघ म्हणून धमकावलं. मी खोदून विचारलं नाही. जवळ घेतलं, "तुझं काही चुकलेलं नाही, सांगितलंस ते बरं केलंस" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भाऊ-वहिनीला सांगितलं. वहिनी सुन्न झाली. भाऊ म्हणाला, "त्याला परत दारात उभा करणार नाही. पण पोलीस नकोत. मुलगा आहे, विसरून जाईल." हे 'विसरून जाईल' मला झोपू देत नाही. आणि गावच्या त्या घरात अजून चार लहान मुलं राहतात, त्यांचं काय?

पोक्सो कायदा (२०१२), म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, वाचून काढला. १८ वर्षांखालचा मुलगा असो की मुलगी, संरक्षण सारखंच. कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे, नाहीतर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणजे गप्प बसायची मुभा मला नाहीच. पण मला काळजी माझी नाही, त्या पोराची आहे. आई-वडील तयार नसताना आत्याची तक्रार घेतात का? गाव दुसऱ्या जिल्ह्यात आहे, तर जायचं कुठे? त्याला ठाण्यात बसवतील का? त्या माणसासमोर उभं करतील का? शाळेत कळलं तर तो कोलमडेल.

ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी लिहा.

प्रतिसाद:

ताई, मी अशा केसेसमध्ये मुलांसोबत सपोर्ट पर्सन म्हणून कोर्टात जाते, म्हणून लिहिते. तक्रार कुणीही करू शकतं, पालकांची परवानगी लागत नाही. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर त्यापायी कारवाई होत नाही, तेही कलम १९ मध्येच आहे. जवळच्या ठाण्यात जा. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, झीरो एफआयआर नोंदवून तो तिकडे पाठवतात. ठाण्यात जायच्या आधी बोलावंसं वाटलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

मुलाला ठाण्यात जावं लागत नाही. जबाब घरी किंवा तो म्हणेल तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी, तीही गणवेशात नाही. त्याच्या विश्वासाचं माणूस शेजारी बसतं. एकदाच सांगावं लागेल असं मात्र मी म्हणणार नाही. पोलिसांपुढे, मॅजिस्ट्रेटपुढे आणि नंतर विशेष न्यायालयात साक्षीच्या वेळी, असं सांगावं लागतं. कोर्टात आरोपी त्याला दिसणार नाही अशी सोय करतात, पडदा किंवा व्हिडिओ. सुनावणी बंद दाराआड चालते आणि वकील त्याला थेट प्रश्न विचारत नाहीत, ते न्यायाधीशांमार्फत जातात. खटला शक्यतो वर्षात संपवावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात बरेचदा लांबतो. त्यासाठी मनाची तयारी ठेवा आणि बाल कल्याण समितीकडे सपोर्ट पर्सन जरूर मागा.

नाव, पत्ता, शाळा छापणं हा गुन्हा आहे. आणि भावाला हे सांगा: मूल १२ च्या आतलं आणि करणारा नातेवाईक, म्हणून कायदा याला साधा नाही, गंभीर लैंगिक हल्ला मानतो. पाच ते सात वर्षं कैद.

आता त्याला घरातल्या कुणीही परत परत विचारू नका. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा.

धागाकर्ती:

मनापासून आभार. वहिनीला हे वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "साध्या कपड्यांत येतात ना, नक्की?" भाऊ अजून बोलत नाही. उद्या सकाळी आम्ही दोघी जातोय.