मेलबर्न: मुलगी म्हणते मेथड्स नको, जनरल मॅथ्स घेते. घेऊ द्यावं का?

टार्नेटची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी इयर टेनला आहे, पुढच्या वर्षीचे विषय या टर्ममध्येच ठरवून द्यायचेत. तिला नर्सिंग नाहीतर पॅरामेडिकला जायचंय. इंग्लिश, बायोलॉजी, हेल्थ हे पक्कं. गणितावरून मात्र घरात रोज वाद: कॅल्क्युलसवालं मेथड्स घ्यायचं की त्याशिवायचं जनरल. गणितात ती कच्ची नाही हो, पण फंक्शन्सचे ग्राफ आले की वही मिटून ठेवते. आमच्याकडे मी सोडून सगळे इंजिनिअर. नवरा म्हणतो, कॅल्क्युलस नाही तर ते गणित कसलं. पुण्याहून सासरे व्हिडिओ कॉलवर आधी 'जेवलीस का' आणि लगेच 'गणित सोडणार आहेस म्हणे' असं विचारतात. त्यात कुणीतरी सांगितलं की स्केलिंगमध्ये (विषयागणिक मार्क वरखाली करतात ते) जनरलचे मार्क कापतात. ज्यांच्या मुलांनी घेतलंय किंवा जे शिकवतात त्यांनी सांगा ना, त्या विषयात नेमकं असतं काय?

कोथरूड_ते_क्लेटन

ताई, स्पष्ट सांगतो, मेथड्सच घ्यायला लावा. सोळाव्या वर्षी नर्सिंग म्हणतात, अठराव्या वर्षी डेटा सायन्स म्हणतील. मग कुठे जाणार? आणि स्केलिंगचं खरं आहे, जनरल खाली येतं, मेथड्स वर जातं. थोडी ट्यूशन लावा, होतं सगळं.

सांगलीच्या_बाई

मी सांगलीला ज्युनियर कॉलेजात कॉमर्सच्या मुलांना गणित शिकवायचे, आता इथे एका शाळेत जनरल आणि मेथड्स दोन्ही शिकवते. त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी स्केलिंग. प्रत्येक विषयाचा स्टडी स्कोअर ५० पैकी असतो, सरासरी ३० च्या आसपास. एखाद्या विषयाची मुलं बाकीच्या विषयांतही तगडी असली की त्या विषयाचा स्कोअर चढतो. मेथड्स म्हणून चढतं, जनरल थोडं उतरतं. पण मेथड्सला रडतखडत २२ आणि जनरलला ३८ असा मामला असेल, तर हा चढउतार तेवढी दरी बुजवत नाही. एटारला, म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशाच्या क्रमांकाला, इंग्लिश आणि सगळ्यात चांगले तीन विषय पूर्ण धरतात, पाचव्या-सहाव्याचे १० टक्केच. ट्यूशनवाले हे सांगत नाहीत, त्यांचं पोट आहे.

आता विषय. २०२२ पर्यंत याला फर्दर मॅथ्स म्हणायचे, २०२३ पासून जनरल. बारावीला चार भाग असतात: डेटा, रिकर्शन (मागच्या आकड्यावरून पुढचा काढणं) आणि आर्थिक गणित, मॅट्रिक्स, नेटवर्क. कुणी आपल्या बोर्डाची बारावी कॉमर्स गणित घेऊन केली असेल तर भाग दोन आठवा. अॅन्युइटी, रिग्रेशन, टाइम सिरीज, असाइनमेंट प्रॉब्लेम. त्यातलं बरंच इथे भेटतं. डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन तेवढं नाही.

आर्थिक गणितात मी पोरांना सरळ घराचं कर्ज देते. ५,००,००० डॉलर, ६ टक्के, ३० वर्षं, दरमहा हप्ता. हप्ता येतो साधारण २,९९८. मग विचारते, पहिल्या हप्त्यातून मुद्दल किती फिटलं? पोरं हजार-दीड हजार म्हणतात. महिन्याचा अर्धा टक्का म्हणजे २,५०० व्याजातच जातात, मुद्दलात ४९८. वर्ग गप्प होतो. मग हप्ता ३,३०० करायला सांगते. कर्ज सहा वर्षांहून जास्त आधी संपतं. हे सगळं एका ओळीच्या नियमावर चालतं: मागची बाकी गुणिले १.००५, वजा हप्ता. ती ओळ लिहिता आली की पोरगं बँकेच्या माणसासमोर बावळटासारखं बसत नाही. टार्नेटमध्ये निम्मी घरं हप्त्यांवर उभी आहेत, तिथे हे गणित 'कसलं' म्हणणाऱ्या तुमच्या मिस्टरांना हाच प्रश्न घालून बघा. कॅल्क्युलेटर न देता.

नेटवर्कमध्ये क्रिटिकल पाथ असतो. घर बांधताना कोणतं काम एक दिवस लांबलं की सगळंच लांबतं आणि कोणत्या कामाला चार दिवसांची सवड आहे, हे आकृतीवरून काढायचं. पुढचा प्रश्न जास्त पैसे टाकून काम लवकर उरकण्याचा. पोरं हमखास सगळ्यात स्वस्त काम उरकायला जातात, पण ते क्रिटिकल पाथवर नसेल तर पैसे गेले आणि दिवस तेवढेच. शिवाय पाथवरचं काम आखडलं की दुसराच मार्ग लांब ठरू शकतो, मग पुन्हा मोजा. इंजिनिअर मंडळींना हे ओळखीचं वाटेल. हंगेरियन अल्गोरिदमही आहे, चार पोहणारे आणि चार स्ट्रोक, कुणाला काय द्यावं म्हणजे एकूण वेळ कमीत कमी. १९५५ साली कुन यांनी छापलेली ही पद्धत आपल्याकडे त्याच भाग दोनमध्ये असते, एमबीएलाही शिकवतात.

डेटाचं थोडक्यात सांगते. इथे हीटर जून तिमाहीत खपतात. त्या तिमाहीचा सीझनल इंडेक्स १.६ (म्हणजे सरासरी तिमाहीच्या १.६ पट खप) आणि विक्री ८०० असेल, तर ऋतूचा परिणाम काढल्यावर उरतात ५००. धंदा वाढला की नुसती थंडी पडली, ते यावरून कळतं. मॅट्रिक्स मुलांना आवडतं, मला फारसं नाही.

परीक्षेचे दोन पेपर, प्रत्येकी दीड तासाचा. पहिल्यात ४० पर्यायी प्रश्न, दुसरा ६० मार्कांचा. दोन्हीला कॅस (बीजगणितही सोडवणारा) कॅल्क्युलेटर आणि स्वतःच्या नोट्सची बांधलेली वही चालते. म्हणून सोपं समजून आलेली मुलं आपटतात. प्रश्न शब्दबंबाळ असतात, इंग्रजी नीट वाचावं लागतं. कॅल्क्युलेटरच्या फायनान्स सॉल्व्हरमध्ये हातात येणारा पैसा अधिक आणि जाणारा वजा, हे एक चिन्ह चुकलं की उत्तर भलतंच. राउंडिंग मधेच केलं तरी तेच.

क्लेटनवाल्या दादांचा एक मुद्दा मात्र खरा, काही दारं बंद होतात. बऱ्याच इंजिनिअरिंग कोर्सना मेथड्स लागतं, काही कॉमर्स आणि सायन्सच्या कोर्सनाही. नर्सिंगला बहुतेक ठिकाणी अट इंग्लिशची असते. पण माझ्यावर विसंबू नका, व्हीटॅकच्या (युनिव्हर्सिटी प्रवेशाचे अर्ज घेणारी संस्था) साइटवर तिच्या वर्षाच्या अटी कोर्सगणिक बघा. मन डळमळत असेल तर अकरावीला मेथड्स घेऊन बारावीला जनरलवर येता येतं. उलट दिशेने जाणं फार जड.

रात्रपाळी_२१

काकू, मी जनरल केलं आणि आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे प्लेसमेंटच्या (हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष कामाच्या) आधी औषधाच्या डोसची टेस्ट असते, त्यात पैकीच्या पैकी लागतात. १ लिटर सलाइन ८ तासांत द्यायचं, सेट २० थेंबांना १ मिलिलिटरचा, तर मिनिटाला किती थेंब? ४२. हे गुणोत्तर आहे, जनरलमध्ये थेट असं काही शिकवत नाहीत, पण शब्दांतून आकडे वेगळे काढायची सवय तिथेच लागली. रिसर्चचे पेपर वाचताना कोरिलेशन आलं तेव्हा माझ्या मेथड्सवाल्या मैत्रिणी मला विचारत होत्या, हे सासऱ्यांना सांगा. बाकी आमच्या वर्गात मेथड्समधली हुशार मुलंही असायची, ती जनरल अकरावीतच उरकून टाकतात.

कोथरूड_ते_क्लेटन

बाई, कर्जाचं गणित घरी करून बघितलं. ३,३०० ला २८५ हप्ते येतात, शेवटचा छोटा. बायको म्हणाली, हे आपण घर घेतानाच का नाही केलं. मेथड्सबद्दलचं मत बदललेलं नाही, पण नर्सिंग पक्कं असेल तर ठीक आहे.

टार्नेटची_आई

सगळ्यांचे आभार. मिस्टरांना पहिल्या हप्त्याचा प्रश्न विचारला. त्यांनी नऊशे सांगितलं आणि मग बराच वेळ एक्सेल उघडून बसले. लेकीशी बोलून व्हीटॅकची यादी काढतेय. ती जनरलच घेईल असं दिसतंय. एक शेवटचं, तो कॅस कॅल्क्युलेटर फार महाग दिसतोय, सेकंडहँड घेतला तर चालेल?

सांगलीच्या_बाई

चालेल. पण आधी शाळेला विचारा टीआय-एनस्पायर की कॅसिओ क्लासपॅड. वर्गात एक शिकवतात आणि हातात दुसरा, असं झालं तर पोर वर्षभर बटणं शोधत बसेल. बॅटरी टिकते का बघा, आणि आधीच्या मालकाच्या फाइल्स पुसून घ्या.